अश्वशक्ती : राहून गेलेले एक पान



निमंत्रणपत्रिकेवर माझे नाव आणि त्याखाली 'मोटारीच्या इंजिनाची शक्ती' हा विषय वाचून आपल्यापैकी काहींनी छापखान्याची चूक झाली असे समजून कार्यालयात विचारणा केली, असे मला कळले. चूक झालेली नाही. मी जन्मभर मराठी शिकविली. पीएच.डी.साठी जो विषय घेतला त्याचा यंत्राशी सुतराम संबंध नव्हता. मोटार मला चालविता येते, पण ती बंद पडली की तिचे झाकण उघडून गंभीर चेहऱ्याने आत पाहण्यापलीकडे माझी गती नाही. तरीही या विषयावर बोलण्याचा मीच आग्रह धरला, कारण ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत त्या सरांचे एक पान माझ्याकडे साठ वर्षे बाकी आहे.

त्या वेळी मी नववीत होतो. सर पदार्थविज्ञान शिकवीत. फळ्यावर इंजिनाची आकृती काढून ते समजावीत असता माझे लक्ष नाही हे त्यांनी पाहिले आणि मला उभे केले. मी त्या वयाला शोभेल अशा उद्धटपणाने म्हणालो, "सर, मला पुढे मराठी घ्यायचे आहे. माझा इंजिनाशी काय संबंध?" सर रागावले नाहीत. म्हणाले, "मग तर तुझे काम अधिक. इंजिन कशाने चालते ते एक पान मराठीत लिहून आण. मात्र ते ऐकून तुझ्या आजीला कळले पाहिजे." मी पान लिहिले. 'अंतर्ज्वलन', 'संपीडन', 'निष्कास' असे शब्द त्यात दाटीवाटीने बसविले होते. दांडिया बाजारातील आमच्या घरी, स्वयंपाकघरात, ते आजीला वाचून दाखविले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "छान आहे रे. पण ते फिरते कशाने?" ते पान मी सरांना दिले नाही. सरांनीही पुन्हा मागितले नाही, आणि तेच मला अधिक लागले.

सरांचा हा आग्रह त्यांच्या एकट्याचा नव्हता, या गावाचाच तो स्वभाव होता. सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन उघडले आणि त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जर यांच्यावर सोपविली. कारागिराच्या मुलाला यंत्रविद्या त्याला कळेल अशा भाषेत मिळावी, ही त्यामागील दृष्टी होती. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. पुढे १९३१ साली राज्यकारभारातील शब्दांचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा कोश आठ भाषांत निघाला. एका संस्थानाने शब्दांसाठी एवढा खटाटोप करावा, ही गोष्ट आज विद्यापीठांनाही जड वाटते. असो. तेच कलाभवन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रविद्या शाखा आहे. त्याच्या दारावरून मी कित्येक वर्षे रोज मराठी विभागाकडे गेलो आणि आत डोकावलो नाही.

आता विषयाकडे वळतो. 'ताकद', 'जोर', 'शक्ती', 'बल' हे शब्द बोलताना आपण एकमेकांच्या जागी वापरतो. पदार्थविज्ञानाला ते परवडत नाही. बल म्हणजे ढकलणे किंवा ओढणे. ऊर्जा म्हणजे काम करण्याची शिल्लक पुंजी. आणि शक्ती म्हणजे ती पुंजी किती वेगाने खर्च होते, तो दर. एक पोते गच्चीवर चढवायला हमालाला दोन मिनिटे लागली काय आणि मला दोन तास लागले काय, काम तेवढेच. परंतु हमालाची शक्ती माझ्या साठपट. जेम्स वॉटने वाफेचे यंत्र विकताना गिऱ्हाइकाला समजावे म्हणून घोड्याशी तुलना केली आणि अश्वशक्ती हे माप रूढ झाले. युरोपीय पद्धतीत ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. मोटारींच्या जाहिरातींत जो 'पीएस' दिसतो तो हाच. इंग्रजी अश्व किंचित थोराड आहे, पण आजच्या कामापुरता तो भेद मी सोडून देतो.

हे माप मला पुस्तकातून कळले नाही, पावागढच्या घाटात कळले. १९७९ साल असेल. माझ्या थोरल्या भावाने एक जुनी मोटार घेतली होती. वडिलांना दम्याचा विकार. पायऱ्या चढणे शक्य नव्हते आणि रज्जुमार्ग तेव्हा झालेला नव्हता. गाडीने माचीपर्यंत जायचे आणि तेथूनच शिखरावरच्या महाकालीला हात जोडायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. आम्ही पाच जण निघालो. निम्मा घाट चढल्यावर गाडी हाशहुश करू लागली, पहिल्या गिअरमध्येही पुढे सरेना आणि शेवटी वाफ सोडून थांबली. आम्ही उतरून ढकलून पाहिले. वडील रस्त्याच्या कठड्याशी उभे राहिले, वर पाहून त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "चला, झाले दर्शन." पुढच्या वर्षी ते गेले. प्रतापनगरच्या मिस्त्रीने नंतर हेड उघडून सांगितले, "साहेब, कॉम्प्रेशनच नाही. कडी झिजली." दट्ट्याभोवतालच्या कड्या झिजल्या की दाब बाजूने निसटतो. गाडीच्या घडणीचा काही दोष नव्हता. तिचे वय झाले होते आणि आम्ही तिची प्रकृती विचारली नव्हती.

गणित मात्र कठोर असते. माणसांसह १३०० किलोची गाडी आणि ४० अश्वशक्तीचे धडधाकट इंजिन घेतले, तरी सगळी शक्ती चढण्यातच गेली असे धरून ती सेकंदाला फार तर सव्वादोन मीटर उंची गाठील. इंजिनाची निम्मी शक्ती गळाली की चढही निम्मा. म्हणून कोणी 'मोटारीला जास्त शक्ती कशाला हवी, सगळी चैन आहे' असे म्हणू लागला, की मला त्या कठड्याशी उभे असलेले वडील दिसतात.

आता आजीचा प्रश्न. ते फिरते कशाने?

माझ्या पुतण्याचा मुलगा पुण्यात इंजिनांच्या आरेखनाचे काम करतो. त्याला मी हाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "आजोबा, इंजिनाला इंधन पाजणे सोपे आहे. त्याला हवा पाजणे कठीण." या एका वाक्याने माझी साठ वर्षांची गाठ सुटली, कारण आजीच्या हातात त्या दिवशीही फुंकणी होती. चुलीत लाकडे कितीही कोंबली तरी वारा नसेल तर जाळ होत नाही, धूर होतो. इंजिन ही बंद डब्यातली चूल. दट्ट्या खाली जाताना हवा आत ओढतो, वर येताना ती दाबतो, मग आत जाळ होतो, तापलेली हवा फुगते आणि दट्ट्याला खाली ढकलते. पुढच्या फेरीत तो धूर बाहेर लोटतो. चार फेऱ्यांत एकच ढकलणे कामाचे, बाकीच्या तीन तयारीच्या. त्या ढकलण्याने दांडा फिरतो आणि दांड्याने चाक. एवढेच आजीला सांगायचे होते.

पेट्रोलचा एक भाग नीट जळायला वजनाने जवळजवळ पंधरा भाग हवा लागते. म्हणजे शक्ती वाढवायची तर मिनिटाला अधिक हवा आत गेली पाहिजे. त्याचे मार्ग तीन : चूल मोठी करा, चूल अधिक वेळा पेटवा, किंवा तेवढ्याच चुलीत हवा दाटून भरा. मोटार-कारखानदारांचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास म्हणजे या तिन्हींतून निवड करण्याचा इतिहास आहे.

आपल्या पिढीची मोटार म्हणजे मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट, पुढची प्रीमियर पद्मिनी. सिलिंडरांचे घनफळ १०८९ सीसी आणि शक्ती सुमारे ४० अश्व. सदतीस-अडतीस वर्षांत तिच्या इंजिनात फारसा फरक पडला नाही. फरक पडण्याचे कारण नव्हते. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबणारे गिऱ्हाईक असल्यावर कोण नवी फुंकणी शोधील? परवान्यांचे ते राज्य गेल्यावर चित्र पालटले. १९९६ साली आपल्या शेजारी हालोलला जनरल मोटर्सच्या कारखान्यात ओपेल अ‍ॅस्ट्रा तयार होऊ लागली आणि बडोदेकरांनी 'सोळाशे सीसी' हा शब्द पानाच्या गादीवर चघळायला घेतला. त्या कंपनीने २०१७ साली तेथील उत्पादन बंद केले. २०१९ पासून त्याच जागेतून एमजीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. गावाची ये-जा मात्र त्याच रस्त्याने चालू आहे.

तथापि शक्ती कशी वाढवितात याचा उत्तम धडा मला पुण्यात सापडला. टाटांची इंडिका १९९८ साली आली आणि २००२ साली तिला मागे डिकी जोडून इंडिगो ही सेदान झाली. तिच्या इंजिनाला '४७५' म्हणत. चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ७५ मिलिमीटर, म्हणून ४७५. दट्ट्याची धाव ७९.५ मिलिमीटर. शाळेतले वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र घ्या, धावेने गुणा, मग चाराने गुणा. उत्तर १४०५ घन सेंटिमीटर येते. मी हे स्वतः कागदावर करून पाहिले आणि उत्तर बरोबर आल्यावर नववीतल्या मुलासारखा आनंद झाला.

या १४०५ सीसीच्या डिझेल इंजिनाने इंडिकात सुमारे ५३ अश्वशक्ती दिली. तेवढ्याच घनफळाच्या पेट्रोल इंजिनाने इंडिगोत ८५ दिली. का? पेट्रोलचे इंजिन अधिक वेगाने फिरू शकते, म्हणजे चूल मिनिटाला अधिक वेळा पेटते. हा दुसरा मार्ग. त्याच मार्गावर पुढे प्रत्येक सिलिंडरला दोनाऐवजी चार झडपा आल्या आणि वेगाप्रमाणे झडपांची उघडझाप बदलण्याची युक्ती आली. २००० सालच्या होंडा सिटी व्हीटेकने दीड लिटरमधून १०६ अश्व काढले, ते असे. पण फार वेगाने फिरणाऱ्या इंजिनाची झीज अधिक, घर्षण अधिक, आणि गावातल्या गर्दीत तो वेग गाठायचा कुठे? मांडवीच्या दरवाजापाशी १०६ अश्व आणि एक टांगा सारख्याच गतीने जातात.

डिझेलच्या बाबतीत टाटांनी तिसरा मार्ग धरला. तेच १४०५ सीसी, पण टर्बो बसवून सुमारे ६२ अश्व. पुढे इंधन फवारण्याची पद्धत बदलून सुमारे ७०. आधी डिझेल शेजारच्या लहान कोठडीत फवारले जाई आणि जाळ तेथून मुख्य सिलिंडरात येई. त्यात उष्णता वाया जात असे. नव्या पद्धतीत चारही सिलिंडरांसाठी एकच नळी प्रचंड दाबाने भरून ठेवतात आणि तिच्यातून इंधन थेट आत, अगदी मोजून, धुक्यासारखे सोडतात. याला कॉमन रेल म्हणतात. मराठीत कोणी 'सामाईक नळी' म्हटले तर माझी हरकत नाही. आमच्या वाड्यात तशी एक होती आणि तिच्या दाबाबद्दल मात्र सर्वांचीच तक्रार होती.

टर्बोची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. त्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. जो धूर आपण शेपटीतून फुकट सोडून देतो, त्याच्याच झोताने एक पंखा फिरवायचा, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात घालायची. म्हणजे चुलीचा धूरच फुंकणी फुंकतो. हा पंखा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. यात दोन अडचणी आहेत. हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचे तोंड हाताला चटका देते ते याच कारणाने. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे दाबून मिळविलेले अर्धे गमावले. म्हणून मध्ये तिला थंड करण्याची जाळी बसवितात. दुसरी अडचण अशी की, पाय दाबल्यापासून धुराचा जोर वाढेपर्यंत क्षणभर थांबावे लागते. पूर्वीच्या टर्बो गाड्या आधी विचार करीत आणि मग धावत. आता पंखे हलके आणि लहान झाल्यामुळे तो विचार फार थोडा उरला आहे.

पेट्रोलच्या इंजिनाला आणखी एक पथ्य सांभाळावे लागते. हवा-पेट्रोलचे मिश्रण फार दाबले तर ठिणगी पडण्याआधी किंवा भलत्या जागी ते पेटते आणि इंजिन आतून ठोके देऊ लागते. यासाठी अधिक ऑक्टेनचे इंधन लागते. आपल्या उसापासून होणाऱ्या इथेनॉलचा येथे उपयोग आहे. त्याचे ऑक्टेन चांगले, मात्र लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते. २०२५ साली देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले, आणि जुन्या गाडीचा मालक अ‍ॅव्हरेज घटल्याची तक्रार करतो ती अगदीच निराधार नाही. परंतु ज्या नव्या इंजिनाची घडणच या इंधनासाठी अधिक दाबाची केली असेल, ते त्यातून शक्तीही मिळवू शकेल. कारखानदाराच्या हाती असलेला हा एक चांगला धागा आहे.

आता कोणी विचारील की एवढा खटाटोप कशाला, चूलच मोठी करावी. याचे उत्तर पदार्थविज्ञानात नाही, अंदाजपत्रकात आहे. २००६ साली केंद्र सरकारने लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणले. लहान म्हणजे लांबी चार मीटरच्या आत आणि घनफळ पेट्रोलला १२०० सीसीपर्यंत, डिझेलला १५०० सीसीपर्यंत. त्या एका ओळीने भारतीय सेदानचे रूप घडविले. २००८ सालच्या इंडिगो सीएसची शेपटी चार मीटरच्या आत बसविली गेली आणि तिच्या पेट्रोल इंजिनाचे घनफळ झाले ११९३ सीसी, शक्ती सुमारे ६५ अश्व. २०१४ साली टाटांच्या झेस्टमध्ये पुन्हा ११९३ सीसीच, पण टर्बो लावून ९०. कायद्याची रेघ न ओलांडता पंचवीस अश्व वाढले. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलले तेव्हाही रेघ तीच राहिली. आत असाल तर १८ टक्के, बाहेर गेलात तर ४०. तेव्हा पुढच्या गाडीची शक्ती कशी वाढेल हे ओळखायला फार मोठी दूरदृष्टी नको. घनफळ वाढणार नाही, दाब वाढेल.

चाकणला तयार होणाऱ्या स्कोडाच्या स्लाविया या सेदानमध्ये २०२२ पासून ९९९ सीसीच्या तीन सिलिंडरांतून ११५ अश्व निघतात. पद्मिनीच्या सिलिंडरांहून हे घनफळ लहान, आणि शक्ती जवळजवळ तिप्पट. तिच्याच दीड लिटरच्या इंजिनात तर भार हलका असेल तेव्हा चारपैकी दोन सिलिंडर आपोआप विश्रांती घेतात. आमच्या विभागात ही पद्धत फार पूर्वीपासून होती, पण तेथे भार पाहिला जात नसे.

शक्ती वाढविणे हेच कारखानदाराचे ध्येय असते असे मात्र समजू नये. २०२४ च्या अखेरीस मारुतीची नवी डिझायर आली. जुनीत चार सिलिंडर आणि ९० अश्व होते. नवीत तीन सिलिंडर आणि ८२. म्हणजे शक्ती कमी केली, मायलेज वाढविले, आणि गिऱ्हाइकाने तिला पाठ दाखविली नाही. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. ज्या देशात बहुतेक गाड्या बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्ये असतात, तेथे दीडशे अश्व बाळगणे म्हणजे तीन खोल्यांच्या घरात हत्ती बांधणे. शिवाय धुराचे नियम आहेत. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाले आणि लहान डिझेल इंजिने स्वच्छ करण्याचा खर्च परवडेना. मारुतीने डिझेल सोडले, टाटांनीही काही लहान गाड्यांतून ते काढले. ज्या ४७५ चे मी इतके कौतुक केले, त्या जातीच्या लहान डिझेलचा काळ तेथे संपला.

पुढचा रस्ता विजेचा आहे, पूर्ण किंवा अर्धा. २०२२ सालच्या होंडा सिटीच्या संकरित प्रकारात दीड लिटरचे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर मिळून १२६ अश्व देतात. त्यातले इंजिन एकटे धडाडीचे नाही, काटकसरीचे आहे, आणि धडाडी मोटरने पुरवायची असते. टाटांच्या टिगोर या छोट्या सेदानची पेट्रोल आणि विजेची अशी दोन रूपे शेजारी ठेवून पाहा. पेट्रोलची शक्ती ८६ अश्व, २०२१ मध्ये आलेल्या विजेच्या रूपाची ७५. शक्तीत विजेची गाडी उणी. पण ज्याला टॉर्क म्हणतात तो पेट्रोलला ११३ न्यूटन-मीटर आणि विजेच्या गाडीला १७०, म्हणजे दीडपट. आणि तो गाडी जागेवर उभी असतानाच हाती असतो. पेट्रोलच्या इंजिनाला आपला जोर दाखवायला आधी वेग घ्यावा लागतो, म्हणून गिअरची मध्यस्थी लागते. विजेच्या मोटरला ती लागत नाही. घाटात थांबलेली गाडी पाच माणसांसह पुन्हा हलवायची असेल तर मी ७५ अश्वांची गाडी मागेन. हे वाक्य सरांनी ऐकले असते तर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले असते.

येथे माझे पान अडते. टॉर्कला मराठीत काय म्हणावे? परिभाषाकोशात 'आघूर्ण' वगैरे शब्द आहेत. आजीला ते कळणार नाहीत. मी 'पीळ' हा शब्द घेतला आहे. ओले धोतर पिळताना मनगटात जो जोर लागतो, तो टॉर्क. त्या जोराने किती झपाट्याने पिळता, ती शक्ती. 'विजेच्या गाडीचा पीळ दीडपट' हे वाक्य कानाला बरे लागते, आणि कपडे धुणाऱ्या कोणाही बाईला उमगते. यावर आक्षेप असा की, पीळ म्हणजे पिळून पडलेला आकार. दोरीचा पीळ, मिशीचा पीळ. जोर आणि त्याचा परिणाम यांना एकच शब्द दिला तर परीक्षेत मुले घोटाळा करतील. हा आक्षेप योग्य आहे आणि मला त्याचे समाधानकारक उत्तर सापडलेले नाही.

ते पान मी आज बरोबर आणले आहे. दोन्ही बाजूंनी लिहिले गेले, त्याबद्दल सरांनी एक गुण कापला असता. मुख्याध्यापकांच्या परवानगीने ते प्रयोगशाळेतल्या फलकावर लावणार आहोत. 'पीळ' या शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ ओढून ठेवली आहे. येथे बसलेल्या विज्ञानशिक्षकांपैकी कोणाला याहून चांगला शब्द सुचत असेल तर त्यांनी तो खोडून वर लिहावा. चहाची व्यवस्था खालच्या वर्गात केलेली आहे. मी तेथेच आहे.